मोठी बाईक सोडून मॅक्सी स्कूटर घेताय? सीसी नंतर बघा, आधी ब्रेक बघा

‘बाईक विकून मॅक्सी स्कूटर घेऊ का?’ हा प्रश्न सध्या मला इतक्या वेळा विचारला जातो, की ‘कुठला फोन घेऊ?’ हा आमचा ठरलेला प्रश्न मागे पडलाय. विचारणारे बहुतेक तिशीच्या आतले. कोणाकडे ३५० सीसीची रॉयल एन्फिल्ड, कोणाकडे डॉमिनार, कोणाकडे ट्रायम्फ किंवा केटीएम. कॉलेज संपलं, नोकरी लागली, हप्त्यावर मोठी बाईक घेतली. आता रोज हिंजवडी नाहीतर खराडी गाठताना क्लच दाबून दाबून डावं मनगट दुखायला लागलंय.

माझ्याकडेही चारशे सीसीची बाईक आहे आणि कोथरूड ते हिंजवडी हा माझा रोजचा रस्ता. त्यामुळे हा विषय मी स्वतःसाठीच खोलात शिरून बघितला. शोरूममध्ये गेलं की गप्पा सीसी, डिस्प्ले आणि ब्लूटूथच्या होतात. मोठ्या बाईकवरून येणाऱ्याला ज्या दोन-तीन गोष्टींची खरी सवय मोडावी लागते, त्यांचं नावही निघत नाही. म्हणून हा लेख.

हा प्रश्न आत्ताच का?

पहिलं कारण सगळ्यांना माहितीये: ट्रॅफिक. टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्समध्ये पुणे जगात चौथ्या नंबरवर होतं. शहरात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. भागाकार केला तर वेग निघतो ताशी साधारण १८ किलोमीटर. म्हणजे ४० पीएसचं इंजिन आपण सायकलच्या वेगाने चालवतोय आणि वर त्याची उष्णता मांडीवर घेतोय.

दुसरं कारण टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर आधी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस मिळून ३१ टक्के होते, ते थेट ४० टक्के झाले. इलेक्ट्रिकवर आधीसारखेच ५ टक्के.

सोपं गणित करू. टॅक्स धरण्याआधी गाडीची किंमत १ लाख असेल, तर ३५० सीसीच्या आतली गाडी १ लाख २८ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर आली. तेवढ्याच किमतीची ३५० च्या वरची गाडी १ लाख ३१ हजारांवरून १ लाख ४० हजारांवर गेली. शोरूममधली शेवटची किंमत कंपनी ठरवते, टॅक्सचा बोजा किती आपण सोसायचा हेही तीच ठरवते. पण सरकारने रेघ कुठे मारली आहे ते स्पष्ट आहे: ३५० सीसी. मॅक्सी स्कूटर म्हणून आपल्याकडे जे काही विकलं जातं, ते जवळजवळ सगळं या रेघेच्या अलीकडे आहे.

‘मॅक्सी’ हे इंजिनाचं नाव नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

परदेशात मॅक्सी स्कूटर म्हणजे लांब पल्ल्याची गाडी. होंडाने १९८६ मध्ये २५० सीसीची सीएन २५० आणली, यामाहाची टीमॅक्स २००१ च्या सुमारास ५०० सीसीच्या घरातलं इंजिन घेऊन आली. मोठी काच, पाय लांब करून बसायची जागा, मोठी टाकी आणि हायवेवर दिवसभर चालेल अशी ताकद. या सगळ्याला मिळून ‘मॅक्सी’ म्हणतात.

आपल्याकडे यातलं शरीर आलं, इंजिन आलं नाही. सर्वात सोपं उदाहरण सुझुकी बर्गमनचं. परदेशातली बर्गमन ४०० म्हणजे ४०० सीसी, २९ पीएस, दोनशे किलोंच्या वर वजन. जुलै २०१८ मध्ये भारतात आलेली बर्गमन स्ट्रीट १२५ म्हणजे ८.७ पीएस आणि ११० किलो. नाव एक, चेहरा सारखा, ताकद एक तृतीयांशापेक्षाही कमी. बर्गमन स्ट्रीट वाईट गाडी आहे असं माझं म्हणणं नाही. शहरात ती अतिशय आरामात चालते. फक्त नाव वाचून हायवेची अपेक्षा ठेवू नका.

पुण्याला तर हा प्रकार नवा नाहीच. आकुर्डीच्या बजाजची चेतक १९७२ ची. किनेटिक होंडाने १९८० च्या दशकात बिनगिअरची, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर घराघरात नेली. त्याच किनेटिकने २००६ मध्ये इटालजेट या इटालियन कंपनीच्या डिझाइनवरून १६५ सीसीची ब्लेझ आणली होती. आजच्या भाषेत ती मॅक्सी स्कूटरच. पण तेव्हा सगळा देश मोटरसायकलच्या मागे होता आणि ब्लेझ चालली नाही. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद करायचं ठरवलं ते याच काळात. पुढे डिसेंबर २०२० मध्ये पियाजिओने आपल्या बारामतीच्या कारखान्यातून एप्रिलिया एसएक्सआर १६० आणली. म्हणजे भारतीय मॅक्सी स्कूटरची बरीचशी गोष्ट पुणे जिल्ह्यातच घडली आहे.

आता मुख्य पर्याय एका नजरेत (किमती बाजारात येतानाच्या, एक्स-शोरूम, आज ऑन-रोड वेगळ्या असतील):

- यामाहा एरॉक्स १५५: सप्टेंबर २०२१, १ लाख २९ हजार. लिक्विड कूल्ड इंजिन, १५ पीएस, १२६ किलो, १४ इंची चाकं, साडेपाच लिटरची टाकी.
- हीरो झूम १६०: जानेवारी २०२५, १ लाख ४८ हजार. १५६ सीसी, लिक्विड कूल्ड, ताकद जवळपास एरॉक्सएवढीच, १४ इंची चाकं, ७ लिटरची टाकी.
- टीव्हीएस एनटॉर्क १५०: सप्टेंबर २०२५, १ लाख १९ हजार. १४९.७ सीसी, एअर कूल्ड, १३.२ पीएस, १२ इंची चाकं. ही अंगाने मॅक्सीपेक्षा स्पोर्टी जास्त.
- कीवे व्हिएस्टे ३००: २०२२, सुमारे ३ लाख. २७८ सीसी, १८.७ एचपी.
- बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी: ऑक्टोबर २०२१, ९ लाख ९५ हजार. ३५० सीसी, ३४ पीएस, २१४ किलो.
- होंडा एक्स-एडीव्ही: मे २०२५, ११ लाख ९० हजार. ७४५ सीसी, दोन सिलिंडर.

यादीत मधली जागा बघा. दीड लाखापर्यंत १३ ते १५ पीएस, आणि खऱ्या मॅक्सीसाठी थेट दहा लाख. मध्ये दोन-तीन लाखांत, २५० ते ३५० सीसीची, गावोगावी सर्व्हिस मिळेल अशी स्कूटर जवळपास नाहीच. जीएसटीच्या नव्या रेघेने नेमकी हीच जागा स्वस्त केली आहे, पण ती भरायला मोठ्या भारतीय कंपन्या अजून उतरलेल्या नाहीत. म्हणून मोठ्या बाईकवरून येणाऱ्याला आज एक पायरी नाही, दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

ताकदीचं गणित

ट्रायम्फ स्पीड ४०० घ्या, चाकणला बजाज बनवते ती. ४० पीएस आणि १७६ किलो. त्यावर ७५ किलोचा माणूस बसवला की प्रत्येक १०० किलोमागे साधारण १६ पीएस मिळतात. एरॉक्सवर तोच माणूस बसला तर १०० किलोमागे साडेसात. बर्गमन १२५ वर पावणेपाचच्या आत. एरॉक्सवर मागे ६० किलोचं कोणी बसलं की हा आकडा पावणेसहाच्या आसपास येतो.

शहरात याने किती फरक पडतो? खरं सांगायचं तर फारसा नाही. स्कूटरला सीव्हीटी असते. सिग्नल सुटला की क्लच नाही, गिअर नाही, थ्रॉटल पिळला की गाडी निघाली. ताशी ४०-५० पर्यंत एरॉक्स किंवा झूम मागे पडल्यासारख्या वाटत नाहीत. कर्वे रोडवर तेवढाच वेग मिळतो, तोही नशीब असेल तर.

फरक पडतो तो ८० च्या पुढे. सातारा रोडने कोल्हापूरला जाताना पुढचा ट्रक ७५ ने चाललाय आणि तुम्हाला तो पार करायचाय. चारशेची बाईक एक गिअर खाली घेऊन तीन-चार सेकंदांत पुढे जाते. दीडशेची स्कूटर तेव्हा आधीच जोर लावून चाललेली असते. ओव्हरटेकला लागणारं अंतर वाढतं आणि समोरून काय येतंय ते आणखी लांबवर बघावं लागतं. ‘टॉप स्पीड १२०’ असं कोणी सांगितलं तरी प्रश्न टॉप स्पीडचा नाही, ८० वर असताना हाताशी किती शिल्लक आहे याचा आहे.

एक्सप्रेसवेचा मुद्दा इथे येतच नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे, सहाशे पन्नास सीसीची असो की सव्वाशेची. मुंबईला जाताना दोन्ही गाड्यांना जुना हायवेच.

खरी अडचण: तुमचा डावा हात

आता मुख्य मुद्दा.

बाईकवर डाव्या हाताला क्लच असतो. अचानक कोणी आडवं आलं की वर्षानुवर्षांच्या सवयीने चार गोष्टी एकदम होतात: थ्रॉटल बंद, उजव्या हाताने पुढचा ब्रेक, उजव्या पायाने मागचा ब्रेक आणि डाव्या हाताने क्लच पूर्ण आत. हे डोकं करत नाही, हात-पाय आपोआप करतात.

स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. म्हणजे घाबरल्या क्षणी सवयीने तुम्ही ‘क्लच’ पूर्ण दाबता आणि प्रत्यक्षात मागचा ब्रेक पूर्ण दाबला जातो. उजवा पाय ब्रेक पेडल शोधतो आणि त्याला फक्त फुटबोर्ड सापडतो.

आता यात दुसरी गोष्ट मिसळा. आपल्या नियमाप्रमाणे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे आणि १२५ पर्यंतच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागणारा ब्रेक चालतो. पण एबीएस सिंगल चॅनलचं असलं तरी नियम पूर्ण होतो. एरॉक्स, झूम १६०, एनटॉर्क १५० या तिन्हींना सिंगल चॅनल आहे. म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. मागे एबीएस नाही.

बेरीज करा: घाबरल्यावर डावा हात पूर्ण आवळणार, आणि नेमक्या त्याच चाकाला एबीएस नाही. कोरड्या रस्त्यावर चाक थोडं घसटून निभावेल. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-मातीचा राप वर आलेला असताना, मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी जायला वेळ लागत नाही. तुमच्या आताच्या मोठ्या बाईकला बहुतेक ड्युअल चॅनल एबीएस असतं, म्हणजे मागचं चाकही सांभाळलं जात होतं. हा आधार जातोय हे गाडी घेण्याआधी माहीत असायला हवं.

गुडघ्यांचंही तसंच. बाईकवर जोरात ब्रेक लावला की आपण टाकी गुडघ्यांनी आवळतो आणि अंगाचा भार तिथे जातो. स्कूटरला आवळायला टाकीच नाही. सगळा भार मनगटांवर येतो आणि हात ताठ झाले की हँडल नीट वळत नाही. एरॉक्ससारख्या गाड्यांना मध्ये उंच कणा असतो, त्याचा पायांना थोडा आधार मिळतो. सपाट फुटबोर्डवाल्या गाडीत तोही नाही.

उपाय साधा आहे आणि फुकट आहे. गाडी घेतल्यावर पहिले दोन रविवार सकाळी सात वाजता एखादं मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता गाठा. ताशी ३० वरून फक्त उजव्या हाताने थांबा. मग दोन्ही हातांनी, डावा हळूच. असं वीस-पंचवीस वेळा करा. एबीएस लागल्यावर लिव्हर थरथरतो, तो अनुभव आधीच घेऊन ठेवा. मी टेस्ट राइडला जातो तेव्हा शोरूमच्या माणसाला सांगूनच पहिली दहा मिनिटं हेच करतो.

आणि ज्यांच्याकडे दोन्ही गाड्या राहणार आहेत, त्यांनी जास्त सांभाळायचं. सोमवारी स्कूटर, शनिवारी बाईक असं चाललं की हात गोंधळतात. गाडी बदलली की पहिले दोन-तीन किलोमीटर मुद्दाम सावकाश.

उतार आणि इंजिनाचा ब्रेक

सिंहगडावरून किंवा ताम्हिणी घाटातून उतरताना बाईकवाला ब्रेक फारसा वापरत नाही. दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं.

सीव्हीटीत गिअर नसतात. दोन पुलींवर रबरी बेल्ट फिरतो. पुढच्या पुलीतले रोलर वेगाप्रमाणे बाहेर सरकतात आणि गाडी आपोआप वरच्या गुणोत्तराला जाते. मागे सेंट्रीफ्यूगल क्लच असतो. थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला थोडं धरतं, पण ‘अजून धर’ असं सांगायची सोय तुमच्याकडे नाही, कारण खाली टाकायला गिअरच नाही. वेग खूप कमी झाला की तो क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. म्हणजे लांब उतारावर बहुतेक सगळं काम ब्रेकवर येतं. एरॉक्स आणि एनटॉर्कला मागे ड्रम ब्रेक आहे आणि सतत दाबून ठेवलेला ड्रम तापला की पकड कमी होते.

इंजिनाची धर नसली की काय होतं याचं मोठ्या गाड्यांमधलं उदाहरण पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकमुळे ४८ च्या आसपास गाड्यांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांच्या तपासातून पुढे आलं होतं. ट्रक आणि स्कूटरची तुलना नको, पण भौतिकशास्त्र दोघांना एकच. म्हणून स्कूटरवर उतरताना इंजिन कधीही बंद करायचं नाही. ब्रेक दाबून धरायचा नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करायचा, मग सोडायचा, त्याला हवा लागू द्यायची. बाईकवर ज्या वेगाने वळण घेत होतात त्यापेक्षा कमी वेगाने त्याच वळणाशी पोचायचं.

चाक १२ इंची, १४ इंची की १७?

पुण्यात खड्डे, खोदलेले पट्टे आणि सोसायट्यांनी मनाने घातलेले गतिरोधक. चाक जितकं छोटं, तितकं ते खड्ड्यात खोल बसतं आणि बाहेर पडताना दणका मोठा.

पण नुसता इंचाचा आकडा बघू नका, टायर धरून चाकाची पूर्ण उंची बघा. टायरवर लिहिलेल्या आकड्यांवरून ती काढता येते. स्पीड ४०० चं पुढचं चाक ११०/७० आर १७, म्हणजे उंची साधारण ५९ सेंटिमीटर. एरॉक्सचं पुढचं ११०/८०-१४, उंची ५३. बर्गमन स्ट्रीटचं पुढचं ९०/९०-१२, उंची ४७ च्या आत, आणि साध्या व्हेरियंटचं मागचं १० इंची चाक ४३ च्या आसपास. म्हणजे १४ इंची चाकवाली स्कूटर बाईक आणि साध्या स्कूटरच्या बरोबर मध्ये पडते. मोठ्या बाईकवरून येत असाल तर १४ इंचाच्या खाली उतरू नका, हा माझा पहिला नियम. ग्राउंड क्लिअरन्सही मागे माणूस बसवून तपासा. एरॉक्सचा १४५ मिलिमीटर आहे, आणि काही गतिरोधक त्याला पुरून उरतात.

अजून एक: स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर वर-खाली हलतं. ते वजन सस्पेन्शनवर नाही, चाकाबरोबर आहे. त्यामुळे मागून बसणारा दणका बाईकपेक्षा कडक वाटतोच. पाठीचा त्रास असेल तर टेस्ट राइड डांबरी रस्त्यावर नको, तुमच्या घराजवळच्या सर्वात वाईट गल्लीतून घ्या. सीटची उंची कागदावर ७९० मिलिमीटर दिसली तरी मॅक्सीची सीट रुंद असते, पाय बाहेर फाकतात आणि टाच टेकत नाही. हे बसूनच कळतं.

इन्शुरन्सची बारीक रेघ

थर्ड पार्टी इन्शुरन्सचे दर सीसीप्रमाणे सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत नव्या दुचाकीच्या पाच वर्षांच्या पॉलिसीला ७५ ते १५० सीसीसाठी ३,८५१ रुपये, १५० ते ३५० साठी ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७ (टॅक्स वेगळा). म्हणजे १४९.७ सीसीची एनटॉर्क एका गटात आणि १५५ सीसीची एरॉक्स दुसऱ्या गटात. पाच सीसीसाठी साडेतीन हजार जास्त. गाडी यावरून ठरवू नका, पण कोटेशन हातात आल्यावर आकडा का वेगळा दिसतोय ते कळेल.

लायसन्सची चिंता नको. गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स असेल तर बिनगिअरची स्कूटर चालवता येते. उलटं चालत नाही. त्यामुळे घरात आई किंवा बहिणीकडे बिनगिअरचं लायसन्स असेल तर आजवर उभी असलेली गाडी त्यांच्याही कामाची होते. हा फायदा कोणी मोजत नाही, पण घरातले निर्णय यावरच होतात.

टाकी, डिकी आणि फोन

१३ लिटरच्या टाकीची सवय असेल तर साडेपाच लिटर फार छोटी वाटते. लिटरला ४० किलोमीटर धरले तर एरॉक्स २२० ला कोरडी होते. पुणे-कोल्हापूर साधारण २३० आहे. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. झूमच्या ७ लिटरमध्ये तीच ट्रिप बसते.

बदल्यात डिकी मिळते. एरॉक्सची २४.५ लिटर, बर्गमनची २१.५. मात्र स्वतःचं फुल फेस हेल्मेट घेऊन जा आणि आत बसतंय का ते शोरूममध्येच बघा. लिटरचा आकडा आकार सांगत नाही. एरॉक्समध्ये मधल्या कण्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही. मंडईतून भाजी आणायची असेल तर सपाट फुटबोर्डच उपयोगी.

फोनबद्दल एक महत्त्वाचं. मोठ्या बाईकच्या हँडलला लावलेल्या फोनच्या कॅमेऱ्याला कंपनांनी त्रास होऊ शकतो, हे ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. स्कूटरची कंपनं कमी असतात असं सांगूनही त्यांनी कंपन शोषणारा माउंटच वापरायला सांगितलंय. ॲण्ड्रॉइड फोनमध्येही ओआयएस असेल तर हेच लागू समजा. आणि ब्लूटूथवर कॉलचं नाव दिसतं म्हणून जास्त पैसे मोजू नका. ते काम तुमचा फोन आधीच करतोय.

इलेक्ट्रिक बघावी का?

रोजचं ३०-४० किलोमीटर शहरात असेल तर नक्की बघा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या चेतक ३५ मालिकेत ३.५ किलोवॅट-अवरची बॅटरी आणि ३५ लिटरची डिकी आहे. कंपनीचा दावा १५३ किलोमीटरचा, प्रत्यक्षात कमी धरा. शिवाय थ्रॉटल सोडल्यावर मोटर गाडी धरते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. म्हणजे इंजिन ब्रेकिंगची ती हरवलेली सवय इथे थोडी परत मिळते. पण ही मॅक्सी नाही, आणि पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटला सोसायटीची परवानगी मिळते का ते आधी विचारा. इलेक्ट्रिक मॅक्सी हवीच असेल तर बीएमडब्ल्यू सीई ०४ आहे, पण जुलै २०२४ मध्ये ती आली तीच १४ लाख ९० हजारांना.

मग कोणी काय करावं?

आधी फोन उघडा. गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर मागचे तीन महिने बघा. नसेल तर आजपासून महिनाभर चालू ठेवा. तीन आकडे लिहा: शहरातले किलोमीटर, हायवे किंवा घाटातले दिवस, आणि मागे कोणी बसलेलं असण्याचे दिवस. आपण स्वतःला ‘रायडर’ समजतो; टाइमलाइन सांगते आपण नक्की कुठे जातो.

हायवेचे दिवस महिन्यात एक-दोन असतील, तर १४ इंची चाकांची एरॉक्स किंवा झूम १६० घ्या. लांबचं जास्त वाटत असेल तर मोठ्या टाकीमुळे झूम. त्या एक-दोन दिवसांसाठी ८० च्या आत चालवायची तयारी ठेवा.

मागे रोज कोणी बसत असेल, घरातले दोघं-तिघं गाडी वापरणार असतील, तर मॅक्सीचा हट्ट सोडा. सपाट फुटबोर्डवाली १२५ किंवा इलेक्ट्रिक जास्त उपयोगी.

दर आठवड्याला हायवे असेल, तर बाईक विकू नका. दोन-तीन लाखांतली ३०० सीसीची दमदार स्कूटर आज नीट मिळत नाही आणि दीडशेच्या गाडीकडून ते काम करून घेणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. मनगट दुखत असेल तर रोजसाठी एखादी जुनी स्कूटर घ्या, बाईक शनिवारसाठी ठेवा.

माझे स्वतःचे आकडे सांगतो. तीन महिन्यांत हायवेचे दिवस निघाले चार. चार दिवसांसाठी उरलेले शहाऐंशी दिवस क्लच दाबत बसणं मला पटत नाही, म्हणून मी १४ इंची चाकांच्या स्कूटरकडे झुकलोय. मात्र बाईक विकण्याआधी एक आठवडा मित्राची स्कूटर घेऊन रोज ऑफिसला जाणार आहे, पावसाचा एक दिवस मिळाला तर उत्तमच. डावा हात शांत राहायला शिकला, की मग पैसे भरायचे.